यूपीआय : पैसे जातात कसे?

• पूर्ण नाव युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस. चालवते एनपीसीआय (नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया); स्थापना २००८, मुख्यालय मुंबई.

• सुरुवात ११ एप्रिल २०१६. एनपीसीआयचे भीम अ‍ॅप त्याच वर्षी, ३० डिसेंबरला.

• वॉलेट वेगळे, यूपीआय वेगळे. वॉलेटमध्ये पैसे आधी भरून ठेवावे लागतात. यूपीआयमध्ये ते बँक खात्यातच असतात आणि तिथून थेट समोरच्याच्या खात्यात जमा होतात. अ‍ॅप फक्त निरोप पोचवते.

• पिन लागतो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगावे.

• साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे, मार्च २०२२ पासून. इंटरनेट लागत नाही.

• बँक खात्यातून केलेल्या यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराला शुल्क नाही, जानेवारी २०२० पासून.