इतिहासाचे स्थलांतर आणि जुने फेरफार क्रमांक

यावल तालुक्यातील फैजपूरच्या शिवारातल्या एखाद्या केळीबागेचा सातबारा पाहिला, तर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात जो आकडा दिसतो तो फेरफार क्रमांक होय, म्हणजे खरेदी, वारस किंवा वाटणी यांमुळे हक्कात झालेला बदल गाव नमुना 6 मध्ये ज्या नोंदीने दाखल झाला, तिचा निर्देश. हस्तलिखित सातबारा संगणकावर आणताना हे क्रमांक नव्याने पाडले असते, तर जुन्या दस्तांत व न्यायालयीन निकालांत नमूद असलेला प्रत्येक आकडा निराधार झाला असता. म्हणूनच संगणकीकृत उताऱ्यावर जुने फेरफार क्रमांक वेगळे छापले जातात, आणि ही व्यवस्था अत्यंत मोलाची आहे.

सॉफ्टवेअरमध्ये कोडमधील बदलांचा इतिहास एका प्रणालीतून दुसरीत नेताना नेमका हाच प्रश्न उभा राहतो. सबव्हर्जन ही प्रणाली बदलांना चढते अनुक्रमांक देते, तर गिट प्रत्येक बदलाला त्याच्या आशयावरून काढलेली 40 अंकाक्षरांची खूण देते; त्यामुळे सबव्हर्जनमधून गिटमध्ये स्थलांतर झाल्यावर जुन्या टिपणांतील ‘अमुक क्रमांकाच्या बदलाने बिघाड झाला’ हे वाक्य कोठेच पोहोचत नाही. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाने 2019 मध्ये गिटकडे जाताना बदलांच्या संदेशांतच जुना सबव्हर्जन क्रमांक जोडला. हा मार्ग जुने क्रमांक व नव्या खुणा यांची सांगड घालणाऱ्या वेगळ्या तक्त्यापेक्षा निश्चित सरस आहे, कारण तक्ता हरवू शकतो, संदेश मात्र इतिहासाच्या प्रत्येक प्रतीबरोबर जातो. परंतु संदेश बदलला की खूणही बदलत असल्याने ही जोडणी स्थलांतराच्या वेळीच करावी लागते.