वाढत्या हिशेबाची बेरीज

कागदी कीर्दीची बेरीज करणारा माणूस शेवटच्या ओळीपर्यंत आपणहून पाहतो. संगणकावरील हिशेबाचा तक्ता, म्हणजे स्प्रेडशीट, जेथवर पाहण्यास सांगितलें असेल तेथवरच पाहतो. १९७९ मध्यें डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांचा 'व्हिसिकॅल्क' आला, १९८५ मध्यें 'एक्सेल' आला. परंतु तक्त्याचा हा स्वभाव कायम राहिला.

समजा, एका गृहसंस्थेच्या चिटणिसानें 'बी' रकान्याच्या पहिल्या चौकटींत मथळा लिहून त्याखालीं बारा महिन्यांची दुरुस्ती-निधीची जमा, दरमहा ५,००० रुपये, मांडली आणि शेजारच्या रकान्यांत सूत्र घातलें: =सम(बी२:बी१३). बेरीज ६०,००० आली. पुढें तेराव्या महिन्याची रक्कम बी१४ मध्यें लिहिली, तरी बेरीज ६०,०००च राहते. ५,००० रुपये तक्त्यांत आहेत, पण हिशेबांत आले नाहींत. वार्षिक सभेंत हाच आंकडा वाचला गेला, तर संशय चिटणिसावर येतो. दोष मात्र सूत्रांत कायम करून ठेवलेल्या '१३' या आंकड्याचा असतो.

यावर उपाय असा कीं, पट्ट्याचा शेवट लिहून न ठेवतां तो शोधण्याची रीत सूत्राला सांगावी: =सम(बी२:इंडेक्स(बी:बी,काउंटए(बी:बी))). यांतील 'काउंटए' रकान्यांतील भरलेल्या चौकटी मोजतें. मथळा एक व रकमा तेरा, मिळून चौदा. 'इंडेक्स' त्या रकान्यांतील चौदावी चौकट दाखवितें आणि बेरजेचा पट्टा बी२ पासून बी१४ पर्यंत ठरतो. पुढील महिन्यांत तो आपोआप बी१५ पर्यंत लांबतो. हेंच काम 'ऑफसेट'नेंही साधतें. परंतु तक्त्यांत कोठेंही बदल झाला कीं तें पुन्हां गणित करूं लागतें, म्हणून मोठ्या हिशेबांत तें जड पडतें.

या रीतीचीं दोन पथ्यें आहेत. मधली चौकट रिकामी राहिली, तर मोजणी एकानें कमी भरते आणि शेवटची रक्कम गळते. म्हणून ज्या महिन्यांत जमा नसेल तेथें शून्य लिहावें. दुसरें असें कीं, सूत्र त्याच रकान्यांत घालूं नये. तें स्वतःलाच मोजूं लागेल. ज्यांना हा खटाटोप नको, त्यांच्यासाठीं २००७ च्या एक्सेलपासून 'टेबल' नांवाची सोय आहे. तिच्याखालीं नवी ओळ लिहितांच पट्टा वाढतो.

ज्या श्रोत्यांच्या घरीं असा हिशेब ठेवला जातो, त्यांनीं एक परीक्षा अवश्य करावी. शेवटच्या ओळीखालीं एक रुपया लिहून पाहावा. बेरीज रुपयानें वाढली, तर सूत्र जागें आहे; वाढली नाहीं, तर मागील महिन्यांचे आंकडेही पुन्हां तपासावे. परीक्षा झाल्यावर तो रुपया पुसण्यास मात्र विसरूं नये.