शाळेच्या वाटेवर घड्याळ, टॅग आणि ओळखपत्र

जून आला की नवी मुंबईतले पालक मुलांसाठी जीपीएस घड्याळं शोधू लागतात. आईबाबा दोघंही नोकरीला, मूल नेरूळ किंवा कोपरखैरण्यातल्या एका सेक्टरमधून दुसऱ्या सेक्टरमधल्या शाळेत चालत जाणार, काळजी वाटणारच. पण घड्याळ नेमकं काय करतं, याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

‘मूल कुठे आहे ते उपग्रहाला दिसतं’ हा त्यातला सर्वांत मोठा. उपग्रहाला काहीच दिसत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त संकेत पाठवतात. त्यावरून घड्याळ स्वतःची जागा काढतं. ती तुमच्या फोनपर्यंत पोचायला सिम, रेंज आणि चार्जिंग लागतं. मूल स्टेशनच्या सबवेत शिरलं की संकेत तुटतात आणि नकाशावर आधीचीच जागा दिसत राहू शकते. उंच इमारतींवर आपटून संकेत आले, तर ठिपका रस्त्याच्या पलीकडेही पडतो. म्हणून ठिपका भलतीकडे दिसला, तर तो किती वाजताचा आहे ते आधी पाहावं. खरेदी करतानाही एक बघून घ्या: घड्याळ फक्त टूजीवर चालणारं असेल, तर त्यात जिओचं सिम चालणार नाही, जिओची टूजी सेवाच नाही.

दप्तरातल्या ब्लूटूथ टॅगमध्ये साधारणपणे जीपीएसही नसतं आणि सिमही. जवळून जाणाऱ्या कुणाच्या तरी फोनने त्याची नोंद घेतली, तरच ठिकाण कळतं. शाळेचं आरएफआयडी ओळखपत्र तर फक्त रीडरजवळ वाचलं जातं. ‘मूल शाळेत पोचलं’ हा मेसेज खरं तर कार्ड पोचल्याचा असतो, मग ते मित्राच्या हातात का असेना.

घड्याळातून आजूबाजूचं बोलणं गुपचूप ऐकता येणं ही अनेकांना जादा सुरक्षा वाटते. जर्मनीने २०१७ मध्ये अशा घड्याळांवर बंदी घातली. त्याच वर्षी नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने केलेल्या तपासणीत काही घड्याळांवर परक्या माणसालाही ताबा मिळवता येतो, असं आढळलं. कंपनीचं नाव-गाव नसलेलं ॲप मुलाच्या रोजच्या वाटेची माहिती साठवत असेल, तर ते घड्याळ नकोच.

आणि चालत जाणाऱ्या मुलाला रोजचा धोका असतो तो वाहनांचा. जागतिक आरोग्य संघटनेनुसार ५ ते २९ वयोगटात मृत्यूचं सर्वांत मोठं कारण रस्ते अपघात आहे. तुर्भ्यात एपीएमसीकडे वळणाऱ्या ट्रकच्या चालकाला मुलाच्या मनगटावर काय आहे ते कळत नाही. शाळेच्या वेळेलाच मुलाबरोबर ती वाट चालून पाहा. उभ्या टेम्पोआडून त्याला येणारी गाडी दिसते का, सिग्नल मिळायला किती थांबावं लागतं, हे त्याच्या उंचीवरून बघा. झेब्रा क्रॉसिंग पुसलेलं असेल, तर महापालिकेच्या विभाग कार्यालयात लेखी तक्रार करा.

घड्याळ घेतलंच, तर एसओएसचं बटण मुलाकडून दाबून घेऊन सराव करा. पहिला नंबर चर्चगेटला ऑफिसात असलेल्या बाबांचा ठेवू नका. त्या वेळी घरी असणाऱ्या, पाच मिनिटांत पोचू शकणाऱ्या शेजारच्या काकूंचा ठेवा, त्यांना आधी विचारून. ११२ हा नंबर मात्र मुलाला तोंडपाठ हवा.