बिनशाईचे पेन आणि आजीचा फोटो

पाटीवर लिहिले की अक्षर पाटीवरच उमटते. पण लिहायचे पाटीवर आणि उमटायचे समोरच्या पडद्यावर, अशी पाटी तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली. तिला पेन टॅबलेट म्हणतात. मे महिन्याच्या सुट्टीत मी बाबांबरोबर जोगेश्वरीला आत्याकडे गेलो होतो, तेव्हाची ही हकीकत आहे.

जोगेश्वरी मुंबईत आहे. आपल्या राजापूरहून कोकण रेल्वेने दादर आणि दादरहून स्लो लोकल. अंधेरी गेले की पुढचेच स्टेशन. आम्ही चुकून फास्ट गाडीत चढलो आणि थेट बोरिवलीला पोचलो!

आम्ही आजीचा फोटो घेऊन गेलो होतो. माझ्या जन्माच्या आधीच आजी वारली. तिचा तेवढा एकच फोटो. तो पावसाच्या बाजूच्या भिंतीवर होता. ओल लागून त्याला बुरशी आली होती. फोटो पुसावा म्हणून मी फ्रेम उघडली. कागद काचेला चिकटला होता. मी ओढला आणि आजीचा डावा डोळा नि भिवई काचेवरच राहिली. हे लिहायला मला लाज वाटते. बाबा मला काही बोलले नाहीत. ते ओरडले असते तर बरे झाले असते.

आत्याच्या मुलाला मी दादा म्हणतो. तो लग्नाचे फोटो साफ करण्याचे काम करतो. आत्याच्या शिलाई मशीनशेजारी त्याचा कॉम्प्युटर आहे आणि पुढे ती काळी पाटी. आपल्या वहीएवढीच आहे. तिच्या पेनात शाई नाही, सेल नाही आणि पेनाला वायरपण नाही. मग ते चालते कसे? दादाने सांगितले ते असे.

पाटीच्या आत बारीक तारांचे जाळे असते. त्यातून वीज गेली की पाटीभोवती चुंबकासारखी शक्ती तयार होते. पेनात तारेचे छोटे वेटोळे असते. पेन पाटीजवळ आले की त्या शक्तीवरच वेटोळे जागे होते आणि पाटीला ओ देते. ओ कुठून आली त्यावरून पाटीला पेनाची जागा कळते. पेन थोडे अधांतरी धरले तरी पडद्यावरचा बाण हलतो! टोक दाबले की ओ जराशी बदलते. म्हणून हळू दाबले तर रेघ केसासारखी बारीक येते आणि जोरात दाबले तर जाड. दादाची पाटी वॅकॉम नावाच्या जपानी कंपनीची आहे. ही कंपनी १९८३ साली सुरू झाली. त्या पाटीला दाबाच्या ४०९६ पायऱ्या कळतात. माउसला एकच कळते, दाबले की नाही.

मी गणपती काढून बघितला. सोंड भलतीकडेच गेली. कारण हात खाली आणि डोळे वर ठेवायचे असतात. मी सारखा हाताकडेच बघत होतो. दादा म्हणाला, "आठ दिवसांनी जमतं. मलापण जमत नव्हतं."

मग त्याने आजीचा फोटो स्कॅन केला. तो फोटोशॉपमध्ये काम करतो. हा प्रोग्राम १९९० साली निघाला. त्याआधी स्टुडिओतले लोक बारीक ब्रशने आणि पेन्सिलीने डाग झाकत असत. दादा मूळ फोटोवर काहीच काढत नाही. आपण चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवतो ना, तसा तो कॉम्प्युटरमध्ये वर एक कोरा थर ठेवतो आणि त्यावर काम करतो. गालावरचा चांगला रंग उचलायचा आणि पेनाने हळूहळू डागावर लावायचा. बुरशी गेली. गाल छान झाला.

डोळ्याचे काय? दादाने उजवा डोळा उलटा करून डावीकडे बसवला. मला वाटले, झाले! बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चांगलं झालंय. पण ही आई नाही."

आत्या मशीन थांबवून आली. ती म्हणाली, "अरे, आईची डावी भिवई तुटकी होती. लहानपणी विळा लागला होता तिला." बाबा म्हणाले, "होय की! आणि तो डोळा जरा बारीक होता." दादाने सगळे पुसून पुन्हा सुरुवात केली. पेन अगदी हलके धरून तो भिवईचा एकेक केस काढत होता. आत्या म्हणायची, "अजून खाली." बाबा म्हणायचे, "नाही, तिथेच." दोघे भांडलेसुद्धा! रात्री अकरा वाजता दोघे एकदम गप्प झाले. आत्याने डोळ्याला पदर लावला. तेव्हा मला कळले की जमले.

दुसऱ्या दिवशी दादाने मला जोगेश्वरीची लेणी दाखवली. ती स्टेशनच्या पूर्वेला आहेत. सहाव्या शतकातली ही शंकराची लेणी आहेत. तिथे जोगेश्वरी देवीपण आहे, तिच्यावरूनच गावाचे नाव पडले. पायऱ्या उतरून आत जावे लागते. आत अंधार आणि गारवा असतो. पाण्याने आणि ओलीने पुष्कळ मूर्तींची तोंडे झिजली आहेत. मी म्हणालो, "दादा, यांचा फोटो काढून नाक-डोळे काढ ना!" दादा म्हणाला, "काढीन. पण बरोबर आहे का, ते कोणाला विचारू?"

निघताना दादाने काचेबद्दल बजावून सांगितले. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढायचा नाही. काचेसकटच स्कॅन करायचा. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये कडेने पुठ्ठ्याची पट्टी घालायची, म्हणजे चिकटत नाही.

जुना फोटो आम्ही टाकला नाही. तो कोऱ्या कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवला आहे. नवीन फोटो आतल्या कोरड्या भिंतीवर लावला आहे. तुम्ही आमच्या घरी आलात की तुटकी भिवई जरूर बघा. पण लांबून. फ्रेमला मी कोणाला हात लावू देणार नाही.