तासिकेच्या हिशेबात न मावणारे अध्यापन

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकवणारे अनेक अध्यापक ‘तासिका तत्त्वावर’ नेमलेले असतात. म्हणजे प्रत्यक्ष घेतलेल्या तासांच्या हिशेबाने त्यांना मानधन मिळते, नेमणूक सत्रापुरती किंवा फार तर शैक्षणिक वर्षापुरती असते आणि सुट्टी लागली की उत्पन्नही थांबते. या विषयाचे पदवी अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, अर्थात शासनाच्या वेतन अनुदानाविना विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालणारे असल्याने कायम पदे निर्माण करण्यास संस्थाचालक सहसा धजावत नाहीत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांनुसार कंत्राटी अध्यापकांची संख्या एकूण अध्यापकांच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावी, त्यांची पात्रता व निवडप्रक्रिया नियमित अध्यापकांसारखीच असावी आणि त्यांचे मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावे. कागदावर हे चोख आहे. मात्र 2019मध्ये आयोगानेच अतिथी अध्यापकांसाठी सुचवलेला दर प्रतिव्याख्यान 1,500 रुपये व महिन्याला कमाल 50,000 रुपये होता, तर सहायक प्राध्यापकाचे प्रारंभिक मूळ वेतनच, महागाई भत्ता न धरता, 57,700 रुपये आहे.

संगणकशास्त्रात या हिशेबाची उणीव अधिक जाणवते, कारण येथील खरे शिकवणे फळ्यापुढे कमी आणि प्रयोगशाळेत जास्त घडते. लिंक्ड लिस्टमधून, म्हणजे पुढच्या नोंदीचा पत्ता बाळगणाऱ्या नोंदींच्या साखळीतून, पहिली नोंद काढताना सुरुवातीचा पत्ता पुढे सरकवायचा राहिला, तर प्रोग्रॅम विनातक्रार संकलित होतो आणि चालवताना कोलमडतो किंवा भलतेच उत्तर देतो. अशी चूक उमगावी म्हणून अध्यापकाला विद्यार्थ्याशेजारी उभे राहून त्याच्याकडूनच एकेक ओळ वाचून घ्यावी लागते, आणि तुकडीत असे अडलेले विद्यार्थी एकाच वेळी चार-पाच तरी असतात. तरीही प्रात्यक्षिकाच्या तासाचा दर व्याख्यानाच्या दरापेक्षा कमी ठेवलेला असतो. जर्नल तपासणे, प्रकल्पांना मार्गदर्शन करणे आणि अभ्यासक्रमात नवी भाषा आली की ती आधी स्वतः शिकणे, हे तर बहुधा हिशेबाबाहेरच राहते. पुण्यासारख्या शहरात याच शिक्षणावर सॉफ्टवेअर कंपनीत नियमित पगार मिळत असताना, सत्राच्या मध्यावर एखादा अध्यापक निघून गेला तर त्याला दोष देणे कठीण आहे.

टिकून राहणाऱ्यालाही व्यवस्था पुरते श्रेय देत नाही. याच 2018च्या नियमांप्रमाणे तात्पुरती सेवा पुढील नियुक्ती वा पदोन्नतीसाठी मोजायची, तर त्या काळातील एकूण मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनाहून कमी नसावे लागते. त्यामुळे ज्याला कमी मोबदला दिला गेला, त्याचा अनुभवही त्याच कारणाने बाद ठरतो. जानेवारी 2025मध्ये आयोगाने प्रसिद्ध केलेल्या नव्या नियमांच्या मसुद्यात तर कंत्राटी नेमणुकांवरील 10 टक्क्यांची मर्यादाच वगळण्यात आली.