पितळेची पुंगळी आणि फिरता पिंप

पोळ्याचा सण जवळ आला म्हणजे यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी ह्या भागांत बैलांच्या घुंगुरमाळा खुंटीवरून खाली उतरतात. आणि दिवाळीच्या आधी समया, गुंड, तांबे, परात अशी सारी पितळी चीजवस्तू चिंचेने घासून उन्हात मांडली जाते. पितळ घासणे ही क्रिया ह्या जिल्ह्यातील कोणत्याही घरास अपरिचित नाही. परंतु पितळ घासावयाचे ते कशासाठी, असा प्रश्न केला तर बहुतेकांकडून एकच उत्तर मिळेल : ते चकाकावे म्हणून. ह्या उत्तरात अर्धेच सत्य आहे. उरलेले अर्धे ध्यानी यावयाचे असेल तर देवघरातील पितळ क्षणभर बाजूस ठेवून एका निराळ्या पितळी वस्तूकडे वळले पाहिजे. ती वस्तू म्हणजे बंदुकीच्या काडतुसाची रिकामी पुंगळी. आणि ती स्वच्छ करण्याचे साधन म्हणजे टंबलर, अर्थात फिरता पिंप.

राष्ट्रीय छात्र सेनेच्या शिबिरात नेमबाजीचा सराव केलेल्या मुलामुलींनी ही पुंगळी हाताळलेली असते. गोळीबार संपल्यावर पुंगळ्या वेचून, मोजून परत कराव्या लागतात, हेही त्यांस ठाऊक असते. रानडुकरे आणि रोही ह्यांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी शेतकरी जी ठासणीची बंदूक वापरतो तिला मात्र पुंगळी नसतेच. दारू आणि छरे नळीतूनच ठासावे लागतात. बारा बोअरच्या बंदुकीचे काडतूस म्हणजे कागदाचे वा प्लास्टिकचे नळकांडे व त्याच्या बुडाशी धातूची एक उथळ वाटी. संपूर्ण पितळेची पुंगळी असते ती रायफलच्या आणि पिस्तुलाच्या काडतुसास.

महाराष्ट्रास हा उद्योग नवा नाही. पुण्याजवळ खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ साली सुरू झाला. जळगाव जिल्ह्यात भुसावळनजीक वरणगाव येथील कारखाना १९६४ सालचा. दोन्ही ठिकाणी लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड ह्या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहेत.

पुंगळीचे पितळ म्हणजे सुमारे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त ह्यांचा मिश्रधातू. हा धातू अंगाने मऊ व लवचिक असल्यामुळे त्याच्या चकतीची प्रथम वाटी करता येते, आणि ती वाटी साच्यातून पुनःपुन्हा दाबून, ओढून लांब नळीच्या आकारास आणता येते. परंतु थंड स्थितीत दाबलेले पितळ प्रत्येक खेपेस अधिकाधिक कठीण होत जाते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर हंडा ठोकता ठोकता मध्येच तो भट्टीत लालसर तापवून मऊ करून घेतात, त्याचे कारण हेच. कारखान्यातही दोन ओढींच्या मध्ये धातू तापवावा लागतो, त्यावर चढलेला काळा थर सौम्य आम्लाने काढावा लागतो आणि मग तो स्वच्छ धुवावा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी, हे पुंगळीचे काम पाहिले म्हणजे कळते. बुडाशी बसविलेली टोपी पेटून दारूने पेट घेतला की सैनिकी रायफलमध्ये वातावरणाच्या दाबाच्या तीन हजार पटींहून अधिक दाब क्षणार्धात उत्पन्न होतो. त्या क्षणी पुंगळी फुगून नळीच्या भिंतीस घट्ट चिकटते आणि तप्त वायूस मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच ती किंचित आकसते, म्हणून ती सहज बाहेर काढता येते. नेम धरणाऱ्याचा डोळा आणि तो वायू ह्यांच्यामधील एक महत्त्वाचा आडोसा म्हणजे हे पातळ पितळ होय. त्यास तडा असेल तर तो वेळीच दिसला पाहिजे.

पितळेस तडा कसा जातो, ह्याचा इतिहास ह्याच देशात घडलेला आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैन्याच्या हिंदुस्थानातील छावण्यांत असे आढळून आले की, पावसाळ्यात साठवून ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्यांस आपोआप चिरा पडतात. त्यांवर कोणी घाव घातलेला नसे, त्या झिजलेल्याही नसत. पावसाळ्यात मोहिमा मंदावत, आणि कोरडे दिवस येईपर्यंत काडतुसे पुष्कळदा घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात. पावसाळी ऋतूशी संबंध दिसल्यामुळे ह्या दोषास ऋतूचेच नाव पडले. त्याचा खरा उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन ह्या तीन संशोधकांनी केला. घोड्यांच्या मुतापासून अमोनिया वायू निर्माण होई. हवेतील ओलाव्याच्या साहाय्याने तो तांब्यावर क्रिया करी. पुंगळी घडविताना तिच्या अंगात जो ताण कोंडलेला राही, तो ताण नेमक्या त्या दुबळ्या रेषांवर धातू उकलून टाकी. अमोनिया, ओलावा आणि आतला ताण ही तिन्ही एकत्र आली म्हणजे पितळ फुटते. ह्यांपैकी एक जरी दूर केले तरी ते वाचते. तयार पुंगळी सुमारे २५० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून हा ताण सैल करता येतो, आणि पुंगळ्या अमोनियापासून दूर व कोरड्या जागी ठेवल्या की धोका टळतो.

येथे स्वच्छतेचा खरा हेतू स्पष्ट होतो. काजळी आणि डाग ह्यांच्याखाली केसासारखी बारीक चीर दडून राहते. वाळूचा कण चिकटलेला असेल तर पुन्हा आकार देणाऱ्या साच्यावर व पुंगळीवर ओरखडा उमटतो. म्हणून पुंगळी स्वच्छ करावयाची ती प्रथम तपासणीसाठी, मग टिकाऊपणासाठी, आणि सर्वांत शेवटी शोभेसाठी.

आता यंत्राकडे वळू. फिरता पिंप म्हणजे आडव्या आसावर सावकाश फिरणारे बंद भांडे. त्यात पुंगळ्या आणि त्यांना घासणारे दाणेदार द्रव्य एकत्र घालतात. भांडे फिरू लागले की आतील ढीग एका बाजूने वर चढतो आणि वरून घसरत खाली येतो. ह्या घसरण्यातच सारी घासणी होते. म्हणून वेगाचे महत्त्व फार. वेग जास्त झाला तर सर्व जिन्नस भिंतीस चिकटून नुसते गोल फिरतात आणि काहीच घासले जात नाही. ३० सेंटिमीटर व्यासाच्या पिंपात मिनिटास सुमारे ७७ फेऱ्या झाल्या म्हणजे ही अवस्था येते. सामान्यतः त्याच्या निम्मा वेग, म्हणजे अशा पिंपास मिनिटाला ४०च्या आसपास फेऱ्या, पुरेसा असतो. पिंप निम्म्याहून थोडा अधिक, पण दोन-तृतीयांशाहून कमीच भरावा. आतून रबराचे अस्तर असलेला आणि सहा किंवा आठ बाजूंचा पिंप गोल गुळगुळीत पिंपापेक्षा चांगला. कारण त्यात ढीग नीट उचलला जातो आणि आवाजही कमी होतो.

दुसरा प्रकार थरथरणाऱ्या भांड्याचा. ह्यात भांडे फिरत नाही. बुडाशी बसविलेल्या विजेच्या मोटरीमुळे ते सारखे कंप पावते आणि आतील दाणे पुंगळ्यांभोवती घोटाळत राहतात. हा प्रकार हलका असून चालू असतानाच झाकण काढून काम पाहता येते. परंतु आवाज मोठा आणि धूळही बरीच. तिसरा प्रकार ओला. पाणी न गळणाऱ्या पिंपात पाणी, थोडा साबण, चिमूटभर सायट्रिक आम्ल आणि गंज न चढणाऱ्या पोलादाच्या बारीक सुया घालतात. ह्या सुया पुंगळीच्या आत आणि टोपीच्या खोबणीतही शिरतात, म्हणून आतबाहेर सारखी स्वच्छता ह्याच रीतीने मिळते. मात्र प्रत्येक सुई पुंगळीतून बाहेर आली की नाही हे पाहावे लागते, आणि यंत्र फार वेळ चालविल्यास पुंगळ्यांची तोंडे एकमेकींवर आपटून बोथट होतात. थोड्या पुंगळ्या आणि नुसती बाहेरची स्वच्छता हवी असेल तर थरथरणारे भांडे, आतूनही साफ करावयाच्या असतील तर सुयांचा पिंप, आणि काम मोठे पण घाई नसेल तर साधा कोरडा पिंप, असा निवडीचा ढोबळ नियम सांगता येईल.

कोरड्या पिंपात घालावयाचे द्रव्य निवडताना आपल्या भागातील जिनसांचाही विचार करण्यासारखा आहे. दाणे काढल्यावर उरलेले मक्याचे कणीस वाळवून त्याचा रवा केला तर तो पितळेस हळुवारपणे उजळतो. अक्रोडाच्या कवचाचा चुरा त्याहून कडक; तो जुना थर लवकर काढतो, पण झळाळी कमी देतो. लाकडाचा भुसाही चालतो. तथापि यवतमाळच्या लाकूड वखारीत सहज मिळणारा सागाचा भुसा ह्या कामी योग्य नव्हे. सागात नैसर्गिक तेल असते आणि वाळूच्या जातीचे सूक्ष्म कणही असतात. करवतीचे दाते सागावर लवकर बोथट होतात ते ह्यामुळेच. साळीच्या तुसातही तोच दोष अधिक प्रमाणात आहे. दाणा इतका बारीक वा इतका जाड असावा की, तो पुंगळीच्या बुडातील छिद्रात अडकणार नाही. आणि तो पूर्ण वाळलेला असावा. दमट भुसा पितळेस उलट डागाळतो.

कृती सोपी आहे. प्रथम पुंगळ्या एकेक पाहून चीर गेलेल्या, चेपलेल्या बाजूस काढाव्यात. जिवंत काडतूस, मग ते कितीही मळलेले असो, पिंपात कदापि घालू नये. चिखलाच्या पुंगळ्या आधी साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवाव्यात. कोरड्या रीतीने दोन ते सहा तास, ओल्या रीतीने एक ते तीन तास लागतात. मध्ये एक-दोनदा पाहावे आणि काम झाले की थांबावे. ओल्या पुंगळ्या स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन उन्हात वाळवाव्यात. भट्टीत तापवू नयेत, कारण अधिक उष्णतेने पुंगळीचे बूड मऊ पडते आणि मग ते दाब सहन करीत नाही. शेवटी चांगल्या प्रकाशात मान, खांदा आणि बूड ह्यांची पुन्हा तपासणी करावी. सारी मेहनत ह्या अखेरच्या पाहणीसाठीच असते.

आम्लाच्या बाबतीत गृहिणींचा अनुभव उपयोगी पडेल. चिंचेचा कोळ तांब्यावर रात्रभर राहिला तर सकाळी पितळेवर तांबूस झाक दिसते. ती झाक म्हणजे आम्लाने पृष्ठभागावरील जस्त विरघळवून मागे तांबे उघडे ठेवल्याची खूण. पुंगळीवर अशी झाक दिसली तर आम्ल अधिक झाले किंवा वेळ अधिक झाला असे समजावे. अमोनिया असलेली बाजारी पॉलिशे तर पूर्णपणे वर्ज्य करावीत. तबेल्यातील काडतुसांची गोष्ट विसरण्याजोगी नाही.

आणखी एक सावधगिरी सर्वांत महत्त्वाची. काडतुसाच्या टोपीत बहुधा शिशाचे संयुग असते, आणि गोळीबारानंतर त्याचा अंश पुंगळीत राहतो. कोरड्या पिंपाची धूळ म्हणजे अंशतः शिशाची धूळ, आणि शिसे मुलांच्या मेंदूस फार घातक. म्हणून हे काम घरात, स्वयंपाकघरात वा ओसरीवर मुळीच करू नये. ते मोकळ्या जागी, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधून करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. ह्या कामास वापरलेले भांडे पुन्हा अन्नास लावू नये. ओल्या रीतीत धूळ उडत नाही हा तिचा मोठा गुण; पण ते पाणी विहिरीजवळ किंवा परसातील भाजीत टाकता कामा नये.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून काडतुसे तयार करणे हा गुन्हा आहे. इतर काही देशांत नेमबाज आपल्या पुंगळ्या स्वतः उजळून पुन्हा भरतात. आपल्याकडे हे काम परवानाधारक कारखान्यांचे व अधिकृत व्यक्तींचेच होय. शेतात वा रानात पुंगळी सापडली तर ती घासावयास न घेता पोलीस ठाण्यात द्यावी.

मग सामान्य घरास ह्या विद्येचा उपयोग काय? घुंगुरमाळेपाशी त्याचे उत्तर मिळते. घुंगराच्या फटीत बोट जात नाही, चिंधीही जात नाही. तेथे नवा, शिशाचा स्पर्श न झालेला फिरता पिंप उत्तम काम देतो. चामड्याचा पट्टा वा दोरा आधी काढून घ्यावा, आणि मक्याच्या कणसाचा रवा फटीतून सहज बाहेर पडेल इतका बारीक असावा. ओतीव घुंगरात कोंडलेला ताण थोडा, म्हणून ते बहुधा नुसते काळवंडते. पत्रा ठोकून वा दाबून केलेले घुंगरू मात्र अमोनियाने फुटू शकते. आणि आपल्याकडे घुंगुरमाळा टांगतात कोठे? गोठ्यात, किंवा युरियाची पोती रचलेल्या कोठीत. आषाढ-श्रावणातील ओलावा, गोमूत्राचा अमोनिया आणि पत्र्यातील ताण, म्हणजे १९२१ साली ओळखले गेलेले तेच त्रिकूट तेथे एकत्र येते. पोळा झाल्यावर माळा पुसून, वाळवून घरातील कोरड्या पेटीत ठेवल्या तर पुढील पोळ्यास त्या अधिक घासाव्या लागणार नाहीत, आणि त्यांतील एखादे घुंगरू मुके झालेले आढळणार नाही.