आराम केल्यावर कंबर जास्त दुखते? मग हा एपिसोड तुमच्यासाठी

आजचा विषय कंबरदुखी. "हे तर म्हाताऱ्यांचं दुखणं" म्हणून स्किप करू नका. मला ते तेविसाव्या वर्षी लागलं.

पहाटे चारला जाग यायची. कंबर इतकी आखडलेली, की कूस बदलायला पलंगाची कड धरावी लागायची. उठल्यावर तासभर मी लाकडाचा ओंडका! आणि ऑफिसचे जिने चढेपर्यंत बराच मोकळा. आई म्हणायची, "दिवसभर लॅपटॉप, रात्रभर मोबाइल, दुसरं काय होणार?" गादी बदलली, पट्टा बांधला, शेक घेतला. एका डॉक्टरांनी पंधरा दिवस झोपून राहायला सांगितलं, तर दुखणं दुप्पट. एक्स-रे मात्र नॉर्मल. तीन वर्षं अशीच गेली.

मग एक दिवस डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, "सकाळी कंबर आखडते का रे?" मी उडालोच! त्यांनी मला संधिवाततज्ज्ञांकडे, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे पाठवलं. एमआरआयमध्ये सूज दिसली. नाव कळलं: अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस.

यात आपलीच रोगप्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांवर उलटते. सुरुवात बहुधा कणा आणि कमरेचं हाड जिथे जुळतं तिथून होते. सूज वर्षानुवर्षं राहिली तर मणके हाडानेच एकमेकांना जोडले जाऊ शकतात. एकदा जुळलेले मणके औषधाने सुटत नाहीत. म्हणून लवकर ओळखायचं.

खुणा कोणत्या?

- दुखणं ४५ वर्षांच्या आत, हळूहळू सुरू झालं आणि ३ महिन्यांहून जास्त टिकलं
- सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त
- आरामाने वाढतं, हालचालीने कमी होतं
- उत्तररात्री जाग येते
- कधी डावा, कधी उजवा नितंब ठणकतो
- सोबत डोळा लाल होणं, टाचदुखी, सोरायसिस किंवा घरात कुणाला हा आजार

मुलींनाही हा आजार होतो, बरं का. आणि ताप, वजन घटणं, पाय बधिर होणं, लघवीवरचा ताबा सुटणं असं काही असेल तर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

एचएलए-बी२७ या तपासणीबद्दल एक गैरसमज आहे. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार झालाच असं नाही. अशा बहुतेकांना तो कधीच होत नाही. निगेटिव्ह असूनही होऊ शकतो. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, सीआरपीसुद्धा.

उपचार काय?

आजार मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. आधी सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, त्याही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मेडिकलमधून मनाने घेऊन पोट आणि किडनी बिघडवू नका. तेवढ्याने भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं असतात. ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी होते, कारण शरीरात दबून असलेला टीबी त्यांमुळे डोकं वर काढू शकतो. इंजेक्शनं महाग आहेत. पण आता भारतात बनलेली बायोसिमिलर मिळतात, त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि व्यायाम! तो औषधाइतकाच महत्त्वाचा. स्ट्रेचिंग, पोहणं, दीर्घ श्वसन. सिगारेट मात्र बंद, तिने कण्याचं नुकसान वाढतं.

मी आजही रोज सकाळी वीस मिनिटं स्ट्रेचिंग करतो. कंटाळा येतो, पण चुकवलं की कंबर आठवण करून देते.

डॉक्टरांना नुसतं "कंबर दुखते" म्हणू नका. कधी दुखते आणि कशाने बरं वाटतं, तेही सांगा. माझी तीन वर्षं त्या एका वाक्यावाचून गेली. तुमची जाऊ नयेत. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!